तांब्यावर बोलायचं नाही

वॉटरबरी, सप्टेंबर १९९६

प्रिय काझिमिर,

आमच्या स्वयंपाकघरातलं ते मेणकापडाचं टेबल तुला आठवतं का? पिवळ्या चौकटींचं, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग पडलेलं. मार्चमधला शुक्रवार होता, म्हणजे मांस वर्ज्य आणि घरभर माशाचा वास होता. मी बशा पुसत होते आणि तू दुमडलेल्या टॉवेलवर हात टेकून बाबांचा सतराशे नव्याण्णव सालचा सेंट, ते तांब्याचं जुनं मोठं नाणं, कडेने धरून बसला होतास. बाबांनी तो नुकताच तुझ्या हवाली केला होता आणि बूट काढायला वर गेले होते. जिन्यावर त्यांची पावलं वाजेनाशी झाली, तसा तू नाकात बोलायला लागलास, अगदी बाबांसारखा, भुवया वर चढवून: “तांब्यावर बोलायचं नाही, पोरांनो! बोललं की थुंकी उडते, थुंकी उडली की डाग पडतो, आणि डाग पडलेला सेंट म्हणजे तोंड काळं केलेली राणी!” मी वाकून बघतच होते. मला जे हसू फुटलं ते थेट त्या सेंटावर. पालथी बाजू वर होती, पानांच्या माळेची. डावीकडच्या एका पानाच्या टोकाशी एक मोठा थेंब आणि त्याच्यामागे दोन बारीक.

मी बशी ठेवून जिन्याकडे बघितलं. तू मात्र रुमालाचं टोक हळूच टेकवून ते थेंब टिपलेस, घासले नाहीस, आणि म्हणालास, “बदकीण आणि तिची दोन पिल्लं. आत्ता काही दिसणार नाही लॉरेटा, पण चार-सहा महिन्यांनी काळी होऊन वर येतील. तोवर आपलं लग्न झालेलं असेल. मग तुझे बाबा काय, मला घटस्फोट देणार?”

हे आधी लिहून टाकलं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पण म्हणून हे पत्र गोडीगुलाबीचं आहे असं समजू नकोस. गेल्या वसंतात मी तुला एक पत्र लिहायला घेतलं होतं, ते फार वेगळं होतं. त्याची पहिली ओळ ‘प्रिय’ने सुरू होत नव्हती.

डेक्लन फेब्रुवारीत गेला. ते तुला कळलं, कारण तुझं कार्ड आलं. पांढऱ्या लिलींचं चित्र, आत छापलेली प्रार्थना आणि खाली तुझ्या अक्षरात एकच ओळ: ‘डेक्लनबद्दल वाचून वाईट वाटलं. काझ.’ एवढ्या वर्षांत तुझा एक शब्द नाही. आई गेली तेव्हा नाही, बाबा गेले तेव्हा नाही, माझा नवरा वॉल्टर गेला तेव्हाही नाही. आणि माझा भाऊ, ज्याने तुला कधी सरळ नावाने हाक मारली नाही, तो गेल्यावर कार्ड! मी ते कार्ड खिडकीपाशी नेऊन बघितलं. शिक्का ओहायोतल्या डेटनचा. वॉटरबरीच्या पेपरातली मृत्यूची बातमी डेटनमध्ये कशी पोचली? आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या बातमीत शेवटी एक वाक्य होतं: ‘वडिलांकडून आलेल्या तांब्याच्या जुन्या सेंटांचा त्यांनी जिवापाड सांभाळ केला.’ म्हटलं, आलं लक्षात. माणूस गेल्याचं दुःख नाही हे. सेंटांची पेटी आता कोणाकडे गेली, याची चौकशी आहे.

तुला आठवत असेल, सिस्टर अलोयशिया मला वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “लॉरेटा मल्केही, तुझ्या मनाला दारं पुष्कळ आहेत, पण प्रत्येक दाराला आतून कडी आहे.” मी ते पुढे कधीतरी तुला सांगितलं तेव्हा तू हसला होतास. वय वाढलं तशा कड्याही वाढल्या. दूधवाल्याने बाटली आधी उघडून पुन्हा बंद केली असावी असं मला वाटतं. पाद्रीबाबा माझ्याकडे बघून बोलता बोलता थांबले की वाटतं, माझंच चाललं होतं. आणि डेक्लन गेल्यावर ती ओकची पेटी माझ्याकडे आली, तेव्हापासून तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला पेटीकडे बघतोय असं वाटायचं.

त्यात हॉलिस टारबॉक्स आला. तोच तो, तांबेवाल्यांच्या, म्हणजे तांब्याचे सेंट जमवणाऱ्यांच्या, शनिवारच्या बैठकीचा म्होरक्या. आता त्याची मान हलते आणि काठीशिवाय चालवत नाही, पण हॅट अजून तशीच तिरकी. हातात फुलं. दफनविधीला आला नाही, आणि नंतर पंधरा दिवसांनी फुलं. “लॉरेटा, बाईमाणसाने एवढी मोलाची पेटी घरात ठेवू नये. मी घेऊन जातो, माझ्याकडे तिजोरी आहे. सगळं नीट लावून देईन.” मी त्याला कॉफी दिली आणि सबंध वेळ त्याच्या कोटाच्या बाहीकडे बघत बसले. तो म्हणाला, “अशी काय बघतेस? माझ्या बाहीत जादूगाराचं कबुतर आहे का?” मी म्हटलं, “कबुतराची नाही मला काळजी, हॉलिस.” तो गेल्यावर मी दाराला दोन्ही कुलपं लावली. फुलं मात्र पाण्यात ठेवली. फुलांचा काय दोष?

डेक्लनची नोरीन मला येऊन-जाऊन मदत करते. तिने तुझं कार्ड बघितलं आणि विचारलं, “आत्या, हा काझ कोण?” मी म्हटलं, “एक माणूस होता. पितळेच्या कारखान्यात मुलाम्याच्या खात्यात कामाला.” ती म्हणाली, “होता म्हणजे? आहे की. कार्ड पाठवलंय ना!” तिच्या घरात तुझं नाव कधी निघालंच नव्हतं. मग मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. इथेही तसंच लिहिते. तुला ते पाठ असेल, पण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

पंचावन्नचा पूर आला तेव्हा आमच्या तळघरात नदीचं पाणी आलं, तेल आणि चिखल घेऊन. पेटी बाबांनी डोक्यावर धरून वर आणली, पण कापडी पिशव्या भिजायच्या त्या भिजल्याच. पुढच्या वर्षभरात एकेका सेंटावर हिरवी बुरशी चढायला लागली. बाबा रविवारी प्रार्थनेहून आले की उंटाच्या केसांचा ब्रश घेऊन बसायचे, पण ती तेलकट हिरवट घाण ब्रशने हटेना. बाबांचं तोंड आजारी मुलाच्या बापासारखं झालं होतं. तेव्हा तू म्हणालास, “मिस्टर मल्केही, आमच्या खात्यात झायलॉल असतं. त्यात बुडवून ठेवलं की तेल, मेण, घाण सगळं सुटतं, तांब्याला धक्का लागत नाही.” बाबांनी आधी तुझ्याकडे साधे, झिजलेले सेंट दिले. ते इतके सुंदर होऊन आले, अक्रोडाच्या रंगाचे, की बाबांनी पहिल्यांदा तुझ्या पाठीवर हात ठेवला. लिथुएनियन पोराच्या पाठीवर आयरिश मुकादमाचा हात! आई मला म्हणाली, “आता तो बटाट्याचा कुगेलिस करायला शीक बाई, तुझ्या सासूकडून.” एकेक करून सगळी पेटी तुझ्या हातून न्हाऊन आली. राहिला तो फक्त सतराशे नव्याण्णव.

तो देताना बाबांनी किती वेळ लावला! ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत हिवाळा गेला. साहजिकच होतं. त्या सालचे सेंट इतके कमी की माणसं आयुष्यभर पेटीतली ती एक जागा रिकामी ठेवून मरतात. बाबांना तो लिचफिल्डच्या एका डॉक्टरच्या विधवेकडून मिळाला होता, मी लहान असताना. महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात तांबेवाले जमले की सगळ्यांत शेवटी बाबांची पिशवी उघडायची, आणि तेवढा वेळ कोणी श्वाससुद्धा घ्यायचं नाही. कार्माइन न्हावी, ज्याची जीभ वस्तऱ्यापेक्षा जास्त चालायची, तोही तोंडावर रुमाल धरून बघायचा.

तर त्या मार्चातल्या शुक्रवारी तू तो नेलास, आणि पुढच्या गुरुवारी परत आणलास. मी बाहेरच्या खोलीत शाळेच्या गायनवर्गाचे कागद लावत होते. तुझा चेहरा बघितला आणि मला वाटलं तुझ्या घरी कोणीतरी गेलं. तू बसला नाहीस. म्हणालास, “मिस्टर मल्केही, एक वाईट गोष्ट आहे. मी सांगण्याआधी तुम्हीच बघा. कड बघा.”

बाबांनी भिंग लावलं. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. कडेवरून सबंध गोलाकार गेलेली एक रेघ होती, केसाएवढी. दोन पापुद्रे एकमेकांना चिकटवल्याचा सांधा. पितळेच्या गावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खऱ्या सेंटाचा ठसा घ्यायचा, मुलाम्याच्या हौदात टांगून विजेने त्यावर तांब्याचा पापुद्रा चढवायचा, दोन बाजूंचे दोन पापुद्रे जोडायचे आणि पोटात शिसं ओतायचं. जुन्या काळी हौशी लोक रिकामी जागा भरायला अशा नकला करून घेत. आणि गावात मुलाम्याचा हौद रोज हाताळणारा, हातात आठवडाभर बाबांचा सेंट असलेला माणूस एकच होता.

“माझा सेंट कुठे आहे?” बाबांनी विचारलं. आवाज न चढवता.

“हाच आहे. कडेला मेण भरून वर रंग दिला होता. झायलॉलने मेण सुटलं आणि रेघ उघडी पडली. हा आधीपासूनच असा आहे, मिस्टर मल्केही.”

“माझा सेंट कुठे आहे, पोरा?”

तू पुन्हा तेच सांगितलंस. बाबांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. तेवढ्यात डेक्लन जिन्यावरून उतरला आणि म्हणाला, “बाबा, ह्याला काय विचारता? ह्याच्या हौदाला विचारा.” तू माझ्याकडे बघितलंस. मी कागद लावत होते. अजून लावत होते. तू टोपी घेतलीस आणि गेलास.

पुढच्या बैठकीच्या शनिवारी तू तिथे गेलास, हे मला नंतर कार्माइनने सांगितलं. तू खुर्चीत बसलास तेव्हा कोणी शिवी दिली नाही, कोणी हात धरून बाहेर काढलं नाही. टारबॉक्सने फक्त आपली पिशवी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. मग शेजारच्याने. मग त्याच्या शेजारच्याने. टेबल मोकळं झालं. कार्माइन म्हणाला, “मी शेवटचा होतो लॉरेटा. मी जरा थांबलो. पण बंद केलं.” आणि त्या उन्हाळ्यात तुझ्या आईच्या घराला नवं छप्पर आलं, तर सगळी गल्ली वर बोट दाखवून म्हणायची, “ते बघा, मल्केहींचा सेंट उन्हात कसा चमकतोय!” तू वॉटरबरी सोडलंस. तेव्हा मला वाटलं, बघा, निर्दोष माणूस जातो का असा?

मी नोरीनला हे सगळं सांगून संपवलं, तेव्हा तिने एकच विचारलं, “पण आत्या, मुलाम्याच्या खात्यातल्या माणसाला ती रेघ बुजवता आली नसती का? चोरानेच येऊन ‘कड बघा’ म्हणायचं?”

मला राग आला. कारण हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता, आणि मी त्याला उत्तर शोधून ठेवलं होतं: तीच तर हुशारी. आपणच बोट दाखवलं की आपल्यावर बोट येत नाही. संशयाचं असं असतं काझिमिर, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. तू रेघ लपवली असतीस तरी चोर, दाखवलीस तरी चोर. थांबला असतास तर निगरगट्ट, गेलास म्हणून पळपुटा. कार्ड न पाठवलंस तर निष्ठुर, पाठवलंस तर लोभी.

तर एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, मी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. ती नकल बाहेर काढायची, तिचं वर्णन लिहायचं, आणि तुला डेटनला असं पत्र पाठवायचं की तू ते दारात उभ्या उभ्या वाचशील. त्याच स्वयंपाकघरात, टॉवेल पसरून बसले. टेबल आता फॉर्मायकाचं आहे. तो सेंट त्या दिवसापासून मी बघितलेला नव्हता. बाबांनी तो पेटीच्या खालच्या खणात टाकला असेल, काळा-हिरवा होऊन गेला असेल, अशी माझी समजूत. पिशवी उघडली तर आत स्वच्छ, मऊ, नुकता ब्रश फिरवल्यासारखा सेंट. बाबांनी आणि नंतर डेक्लनने त्याला इतर सेंटांसारखंच सांभाळलं होतं. हे बघून मी आधी चक्रावले आणि मग, अर्थातच, मला संशय आला. चोराने ठेवून दिलेल्या नकलेला कोण दर रविवारी ब्रश करतं?

मग मी एक गोष्ट केली, जी मला लहानपणी करू दिली नव्हती. तुला माहीत आहे, मी सेंटांचे सूर ओळखायचे. बोटाच्या टोकावर सेंट तोलायचा, पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची आणि तो गायला लागायचा. बाबा पाहुण्यांसमोर मला उभी करून म्हणायचे, “सांग लॉरी, हा कोणता सूर?” सिस्टर अलोयशियांच्या गायनवर्गातली पोर, मी चुकायचे नाही. प्रत्येक सेंट वाजवला मी, फक्त सतराशे नव्याण्णव नाही. “त्याला नाही. तो म्हातारा आहे, त्याला झोपू दे.” आम्ही सगळे हसायचो. आता मी त्याला टिचकी मारली. थड्. ओल्या लाकडासारखं. आणि माझ्या मनात आलं, बाबांनी मला का वाजवू दिला नाही? मी सात वर्षांची होते. तू तर तेव्हा आमच्या घरात पाऊलही टाकलं नव्हतंस.

मी तो सेंट टॉवेलवर ठेवला. पालथा पडला. पानांची माळ वर. मी भिंग घेतलं, कड बघायला, खरं सांगते, कडच बघायला. आणि डावीकडच्या पानाच्या टोकाशी काहीतरी काळं दिसलं.

एक मोठा ठिपका. त्याच्यामागे दोन बारीक.

मी भिंग पुसलं. चष्मा पुसला. खिडकीपाशी गेले. बदकीण आणि तिची दोन पिल्लं, काझिमिर. कोळशासारखी काळी, पानापासून निघून कडेकडे चाललेली. झायलॉलने तेल जातं, मेण जातं, पण थुंकी जात नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. माझं हसू पडलं होतं ते शुक्रवारी, आमच्या टेबलावर, तू तो सेंट घरी न्यायच्या आधी. गुरुवारी परत आला तो हाच सेंट. मी हसले त्या वेळी माझ्या नाकाखाली जो होता, तोच. तू काही बदललं नव्हतंस. बदलायला काही नव्हतंच. लिचफिल्डच्या डॉक्टरने कधीतरी आपली रिकामी जागा भरली होती, आणि त्याच्या विधवेला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं.

आणि ते थेंब फक्त तुला आणि मला माहीत होते. बाबांनी ते ठिपके ब्रश करताना शंभर वेळा बघितले असतील, पण ते कुठून आले हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. सगळ्या जगात साक्ष देऊ शकणारी मी एकटी होते, आणि ठिपके वर यायला लागले तेव्हा पेटीला कुलूप होतं आणि मी तुझ्या आईच्या छपराकडे बघत होते.

त्या दिवशी मी रडले नाही. भांडी घासली. घासता घासता मला एक गोष्ट सुचली. तुला हे ठिपके आठवत असणार. थोडं थांबलं की ते वर येतील, हे तुझ्याच तोंडचं वाक्य. मग तू बाबांना का नाही म्हणालास, की सहा महिने थांबा आणि पानाजवळ बघा? यावर मी पुष्कळ विचार केला. कदाचित त्या दिवशी तुलाही सुचलं नसेल. कदाचित तू माझ्याकडे बघितलंस ते त्यासाठीच, की हे मी बोलावं. आणि कदाचित तू गुरुवारी आमच्या दारात यायच्या आधीच ठरवलं असशील की माझ्या बापाने इतकी वर्षं ज्याला राजासारखं मिरवलं तो शिशाचा गोळा होता, हे सांगायचं एकदाच, दुसऱ्यांदा नाही.

बाबांना ठाऊक होतं का? ठाऊक असून त्यांनी तुला तो दिला का? की ठाऊक नव्हतं, फक्त आत कुठेतरी भीती होती, आणि टिचकी मारायचा धीर नव्हता? आता विचारायला कोणी उरलं नाही. मी या एका प्रश्नावर संशय घ्यायचा नाही असं ठरवलंय. रोज सकाळी ठरवते.

ठिपके मला दिसले तरी मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. टारबॉक्सला बोलावलं. त्याला काही सांगितलं नाही, फक्त भिंग आणि सेंट समोर ठेवला आणि म्हटलं, “पालथ्या बाजूला काय दिसतं?” त्याने बघितलं. “थुंकीचे डाग. जुने. कोणीतरी गाढव ह्याच्यावर हसलंय.” मी म्हटलं, “ते गाढव तुझ्यासमोर बसलंय, हॉलिस.” मग मी त्याला तो शुक्रवार सांगितला. त्याने दिवसाचा हिशोब दोनदा विचारून घेतला, नेण्याआधी की आणल्यावर, नेण्याआधी की आणल्यावर. मग भिंग खाली ठेवलं. त्याची मान नेहमीच हलते, त्यामुळे तो नाही म्हणतोय की काय कळेना. शेवटी म्हणाला, “झाकण मी पहिलं लावलं.” मी म्हटलं, “माहीत आहे.” तो म्हणाला, “कॉफी आहे का अजून?” जाताना हॅट डोक्यावर घालायला विसरला. हातात धरूनच गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

आणि तुझं कार्ड. मी ते आता फ्रिजवर लावलंय. डेटनमध्ये वॉटरबरीचा पेपर एकाच रीतीने पोचतो, कोणीतरी वर्षाचे पैसे भरून तो टपालाने मागवावा लागतो. म्हणजे तू सगळं वाचत होतास. आईचं, बाबांचं, वॉल्टरचंही. त्या वेळी तू लिहिलं नाहीस आणि या वेळी लिहिलंस. का, ते मी तुला विचारणार नाही. छपराचे पैसे कुठून आले तेही मला अजून माहीत नाही, आणि ते तर मी मुळीच विचारणार नाही. दोन कड्या काढून ठेवल्या, असं समज.

आता हे पत्र कशासाठी, ते. मला ही पेटी घरात नको. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, त्याच चर्चच्या तळघरात, त्याच टेबलावर मी ती उघडणार आहे. जुन्यांपैकी टारबॉक्स आहे, कार्माइन आहे, बाकी त्यांची मुलं आणि काही नवे लोक. मी उभी राहून सगळं सांगणार आहे, गायनवर्गात बोलायचे त्या आवाजात, मागच्या खुर्चीपर्यंत पोचेल असं. मग वाटप. सतराशे त्र्याण्णवचा, पालथ्या बाजूला साखळी असलेला सेंट टारबॉक्सला, ज्यावर त्याचा जन्मभर डोळा आहे. पण त्याने आधी सगळ्यांसमोर तुझं पूर्ण नाव घेऊन ‘आम्ही चुकलो’ म्हणायचं, नाहीतर तो सेंट दानपेटीत जाईल. त्याने कबूल केलंय. कार्माइनला, कधी विकणार नाही अशी त्याच्या जन्मगावच्या संताच्या नावाने शपथ घालून, अठराशे चारचा, कारण तो जरा थांबला होता. या सेंटांच्या शेवटच्या वर्षांचे, अठराशे चाळीस-पन्नासच्या दशकांतले, बैठकीत नव्याने येणाऱ्यांना एकेक, हातात धरून बघायला. ओकची पेटी आणि बाबांचा उंटाच्या केसांचा ब्रश नोरीनला, तिने तो प्रश्न विचारला म्हणून. आणि सतराशे नव्याण्णवचा तुला. मी तो टपालाने पाठवणार नाही, टपालखात्यावर माझा भरवसा नाही; तो तुझ्या खुर्चीसमोर टॉवेलवर असेल, आणि तू येऊन बसलास की आमच्यातल्या प्रत्येकाच्या पेटीचं झाकण उघडं असेल. नाही आलास, तर नोरीन तो डेटनला घेऊन येईल, तसं तिला सांगून ठेवलंय. त्याला झायलॉल लावू नकोस, ब्रश नको, पिशवी नको. नुसता खिशात ठेव. आणि त्याच्यावर हवं तेवढं बोल.

तुझीच,
लॉरेटा